कास्टिंग फटीगमध्ये तुटतंय? भट्टी पेटवायच्या आधी मायक्रोस्ट्रक्चर बघा

बिडाचं कास्टिंग चालू इंजिनात फटीगने, म्हणजे लोड पुन्हा पुन्हा येत-जात राहिल्याने, तुटून परत आलं की पहिला फोन बहुतेक वेळा हीट ट्रीटमेंटवाल्याला जातो आणि मागणी एकच असते, हार्डनेस वाढवून द्या. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. मागणी समजू शकते, कारण हार्डनेस दोन मिनिटात मोजता येतो, ब्रिनेलचा ठसा घेतला की आकडा हातात, आणि फटीग स्ट्रेंथ अशी चटकन दिसत नाही. पण फटीगचा क्रॅक पूर्ण जॉबमधून एकदम जात नाही, तो कुठल्यातरी एका कमजोर जागी सुरू होतो आणि लोड येत-जात राहील तसा हळूहळू पुढे सरकतो, त्यामुळे सगळ्या जॉबचा सरासरी हार्डनेस किती याच्यापेक्षा ती एक जागा कशी आहे हे जास्त महत्त्वाचं. म्हणून खाली जे लिहिलंय त्याचा क्रम बदलू नका: आधी तुटलेला तुकडा, मग ग्राफाइट, मग मॅट्रिक्स (ग्राफाइटच्या भोवतीचा धातू), आणि त्याच्यानंतर हीट ट्रीटमेंट. उदाहरण म्हणून एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा एसजी आयर्नचा (ज्यात ग्राफाइट गोल असतं अशा बिडाचा) क्रँकशाफ्ट धरूया, कारण त्यात यातलं जवळजवळ सगळं येतं आणि तो तुटतो ती जागाही ठरलेली, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (जर्नलांना जोडणारा हात) जिथे मिळतात तो गोलाई दिलेला कोपरा, म्हणजे फिलेट.

तुकडा हातात आल्यावर पहिलं म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका. सगळ्यांचा हात तिकडेच जातो, पण घासलं गेलं की क्रॅक सुरू झालेली जागा चेपते आणि पुरावा गेला. वायर ब्रश नाही, एमरी नाही, ॲसिटोनमध्ये मऊ ब्रशने धुवायचं आणि दहापट भिंगातून बघायचं. स्टीलमध्ये जशा लाटांसारख्या रेषा स्पष्ट दिसतात तशा बिडात दिसतीलच असं नाही, ग्रे आयर्नमध्ये (ज्यात ग्राफाइट चपट्या पाकळ्यांचं, म्हणजे फ्लेकचं असतं) तर बहुतेक दिसतच नाहीत, पण क्रॅक सावकाश वाढलेला भाग जास्त सपाट आणि शेवटी एकदम तुटलेला भाग जास्त खडबडीत असा फरक एसजीमध्ये बऱ्याचदा कळतो. सपाट भागात रेषा दिसल्या तर त्या जिकडे एकत्र येतात तिथे मूळ. तिथे काय आहे ते लिहून काढा: बारीक छिद्रांचा पुंजका असेल तर मायक्रो श्रिंकेज (धातू गोठताना आकसून राहिलेली पोकळी), काळी दोऱ्यासारखी पट्टी असेल तर ड्रॉस (धातूत अडकलेली मळी), आणि काहीच वेगळं दिसलं नाही तर बहुतेक स्किनवरचं बिघडलेलं ग्राफाइट किंवा मशिनिंगची रेघ.

मग मूळाच्या शेजारूनच सॅम्पल कापा. वाय ब्लॉकमधून नको, टेस्ट बारमधून नको, म्हणजे तपासणीसाठी वेगळे ओतलेले तुकडे नकोत. टेस्ट बार वेगळ्या वेगाने थंड झालेला असतो, त्याचा रिपोर्ट कितीही छान आला तरी तो फिलेटबद्दल काही सांगत नाही. कापताना कूलंट भरपूर सोडा, आणि कडेचं स्ट्रक्चर बघायचं असल्यामुळे माउंटिंग असं करा की पॉलिशमध्ये कड गोल होणार नाही. पेपर २२० पासून १२०० पर्यंत, मग ३ मायक्रॉन आणि १ मायक्रॉन डायमंड. फार लव असलेल्या कापडावर जास्त वेळ धरलं तर ग्राफाइट उपसून येतं, तिथे नुसता खड्डा राहतो आणि मायक्रोस्कोपखाली तो नोड्यूलच (ग्राफाइटचा गोळा) वाटतो किंवा श्रिंकेज वाटतं, दोन्हीकडून फसगत. नोड्यूलच्या पोटात करडा पोत दिसला पाहिजे, पूर्ण काळं आणि कड फाटलेली दिसली तर पुन्हा पॉलिश करा.

एच न करता, म्हणजे ॲसिड न लावता, आधी १०० पट मॅग्निफिकेशनवर ग्राफाइट बघा. तीन गोष्टी बघायच्या. एक, नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल ग्राफाइट किती टक्के. फटीगच्या जॉबला मी ९० टक्क्यांच्या खाली समाधान मानत नाही, कारण अर्धवट चपटे, फाटे फुटलेले कण म्हणजे तयार खाचच. दोन, नोड्यूल काउंट, दर चौरस मिलिमीटरला १५० च्या वर असला तर बरं. काउंट जास्त म्हणजे नोड्यूल लहान, सेग्रिगेशन (काही घटक एकाच जागी साचणं) कमी, आणि कार्बाइड (लोखंड-कार्बनचं कडक, ठिसूळ संयुग) व्हायची शक्यताही कमी, हे सगळं एका चांगल्या इनॉक्युलेशनमधून (ग्राफाइटची बीजं तयार व्हायला वितळलेल्या धातूत थोडं मिश्रण टाकणं) मिळतं आणि खर्चाच्या मानाने यासारखा फायदा कशात नाही. तीन, कड. रेझिन सँडमध्ये सल्फोनिक ॲसिडचा हार्डनर असेल तर साच्यातला सल्फर स्किनजवळचं मॅग्नेशियम खातो आणि वरच्या थरात नोड्यूलच्या जागी फ्लेक तयार होतात. आतून कास्टिंग एकदम झकास एसजी आणि कातडी ग्रे आयर्नची! बेंडिंगमध्ये सगळ्यात जास्त स्ट्रेस कातडीलाच, त्यामुळे ज्या फिलेटला मशिनिंग होत नाही तिथे हा थर जॉबचं निम्मं आयुष्यसुद्धा खाऊ शकतो आणि कुठलीही हीट ट्रीटमेंट त्याला परत गोल करत नाही. घन अवस्थेत फ्लेकचा नोड्यूल होत नाही, हे कस्टमरला सांगायला लाजू नका.

आता २ टक्के नायटलने (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) पाच-दहा सेकंद एच करा. पांढरं ते फेराइट, काळपट पट्ट्यांचं ते पर्लाइट. नॉर्मल एसजीमध्ये नोड्यूलभोवती फेराइटचं पांढरं कडं आणि बाहेर पर्लाइट असं दिसतं, त्यालाच सगळे बुल्स आय म्हणतात. फटीगच्या दृष्टीने हे कडं नीट बघायला हवं. फेराइट मऊ, पर्लाइट कडक, नोड्यूल जवळजवळ पोकळीसारखाच, त्यामुळे स्ट्रेस आला की आधी कडंच वाकतं, क्रॅक तिथे जन्मतो आणि बाहेरच्या पर्लाइटशी थोडा अडखळतो. कडं जाड असेल तर हार्डनेस स्पेकमध्ये असूनही फटीग अपेक्षेपेक्षा कमी मिळू शकतो. शेवटी सेलच्या हद्दीवर, दोन नोड्यूलच्या मधोमध, पांढरे टोकदार तुकडे दिसतात का बघा, ते कार्बाइड. फेराइटही पांढरंच दिसतं म्हणून घाई करू नका, कार्बाइडची कड धारदार असते आणि मायक्रो हार्डनेस घेतला की शंका राहत नाही.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय हा वाद मिटत नाही. युरोपियन स्टँडर्डमध्ये एसजीच्या ग्रेडसोबत रोटेटिंग बेंडिंगचे (सॅम्पल फिरवत वाकवण्याच्या टेस्टचे) मार्गदर्शक आकडे दिलेत. ४०० एमपीए (मेगापास्कल) टेन्साइलच्या, म्हणजे ओढून तुटायच्या ताकदीच्या, फेरिटिक ग्रेडला फटीग लिमिट साधारण १९५ एमपीए, ५०० ला २२४, ६०० ला २४८ आणि ७०० च्या पर्लिटिक ग्रेडला २८०. म्हणजे टेन्साइल पाऊणपट वाढलं पण फटीग दीडपटसुद्धा झालं नाही, फटीग भागिले टेन्साइल हा रेशो ०.४९ वरून ०.४० वर आला. आणि हे गुळगुळीत सॅम्पलचे आकडे आहेत, खाच असलेल्या सॅम्पलला ४०० चा ग्रेड १२२ वर येतो आणि ७०० चा १६८ वर. फिलेट ही खाचच आहे, तेव्हा डिझाइनवाल्याने हातात धरायचा आकडा दुसरा.

दोष किती मोठा चालेल याचा अंदाज घ्यायला जपानच्या युकिताका मुराकामी यांचं सूत्र वापरा, मला ते फाउंड्रीतल्या माणसाच्या सगळ्यात उपयोगाचं वाटतं. पृष्ठभागावरच्या दोषासाठी: मॅट्रिक्सच्या विकर्स हार्डनेसमध्ये १२० मिळवा, १.४३ ने गुणा, आणि दोषाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ मायक्रॉनमध्ये घेऊन त्याच्या सहाव्या मुळाने भागा. क्षेत्रफळ म्हणजे लोडच्या आडव्या दिशेने बघितल्यावर दोषाची जेवढी सावली पडते तेवढं. उत्तर येतं एमपीएमध्ये, पूर्ण उलटसुलट लोडसाठी. २५० विकर्स धरा. दोष ८०० मायक्रॉनचा असेल तर उत्तर येतं १७४, २०० मायक्रॉनचा असेल तर २१९, आणि ५० मायक्रॉन म्हणजे साध्या नोड्यूलएवढाच असेल तर २७६. आता ८०० मायक्रॉनचं श्रिंकेज तसंच ठेवून हार्डनेस २५० वरून ३०० केला तर १७४ चे होतात १९७. म्हणजे भट्टीचा पूर्ण खर्च करून २३ एमपीए, आणि रायझर (गोठताना कास्टिंगला जादा धातू पुरवणारा साठा) सुधारून दोष २०० वर आणला तर ४५. सूत्र साधारण ४०० विकर्स आणि १००० मायक्रॉनपर्यंतच धरावं, त्याच्या पलीकडे ओढू नका.

ग्रे आयर्नचं वेगळं सांगतो आणि थोडक्यात सांगतो. तिथे फ्लेक हीच खाच आणि ती पूर्ण जॉबभर पसरलेली, २५० एमपीएच्या ग्रे आयर्नला बेंडिंग फटीग १२० च्या आसपास मिळतो. नॉर्मलायझिंग, क्वेंचिंग करून मॅट्रिक्स कितीही कडक केला तरी क्रॅक फ्लेकच्या टोकाला सुरू होणारच, त्यामुळे फटीगसाठी ग्रे आयर्नची हीट ट्रीटमेंट मी सुचवत नाही, झीज कमी करायची असेल तर गोष्ट वेगळी. फटीग वाढवायचा असेल तर कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन आणि सिलिकॉनचा एकत्रित हिशोब) कमी करा, इनॉक्युलेशन सुधारून ए टाइपचे लहान फ्लेक आणा, थोडं कॉपर किंवा टिन टाकून पर्लाइट पूर्ण करा. एक मात्र करा, स्ट्रेस रिलीव्ह. ५०० ते ५६५ डिग्री, २५ मिलिमीटर जाडीला एक तास, आणि भट्टीतच ३०० च्या खालीपर्यंत सावकाश थंड. यात मटेरियल स्वतः मजबूत होत नाही, पण आतला ओढीचा ताण निघून जातो आणि तो ताण फटीगमध्ये कायम अंगावर बसलेला असतो. ६०० च्या वर गेलात की पर्लाइट फुटायला लागतं, म्हणून थर्मोकपल भट्टीच्या भिंतीवर ठेवू नका, जॉबला लावा.

आता एसजी. जाता जाता, हे मटेरियलच मुळात वेगळ्या शोधातून मिळालं. १९४३ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस झिजेला टिकणाऱ्या बिडात क्रोमियमला पर्याय शोधत होते, त्यात मॅग्नेशियम टाकून पाहिलं, आणि पुढे १९४८ मध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात गोल ग्राफाइटची घोषणा झाली. ग्राफाइट गोल झालं तेव्हाच मॅट्रिक्सला फटीगमध्ये किंमत आली, आणि म्हणूनच हीट ट्रीटमेंटची चर्चा एसजीत करण्यात अर्थ आहे.

पर्याय कुठले, तर सगळ्यात साधं नॉर्मलायझिंग. ९०० डिग्रीला नेऊन जाडीप्रमाणे धरायचं आणि हवेत थंड करायचं, फेराइटचं कडं बारीक होतं, पर्लाइटच्या पट्ट्या जवळ येतात, फटीग वाढतो. पण बास्केटमध्ये क्रँकशाफ्ट खच्चून भरले आणि पंखा लावला नाही तर मधले जॉब सावकाश थंड होतात आणि बुल्स आय परत जसंच्या तसं, वर बाहेरच्या जॉबवर हार्डनेस घेऊन लॉट पास. सॅम्पल नेहमी बास्केटच्या मधून घ्या. नंतर ५५० च्या आसपास टेम्पर करा, नाहीतर एकसारखं थंड न झाल्यामुळे आलेला ताण आत राहतो. आणि साध्या हवेच्या भट्टीत ९०० ला पृष्ठभागावरचं ग्राफाइट जळून जातं, त्याचे बारीक खड्डे राहतात, म्हणून फिलेटला मशिनिंग अलाउन्स असलाच पाहिजे. कार्बाइड निघाले असतील तर ९०० ते ९२५ ला ते बऱ्यापैकी विरघळतात, पण मुळात मँगनीज, क्रोमियम कमी ठेवून ते होऊच न देणं स्वस्त.

ॲनीलिंग करून पूर्ण फेरिटिक केलं तर रेशो चांगला दिसतो पण प्रत्यक्ष आकडा खाली येतो, क्रँकशाफ्टसाठी नको, जिथे झटका बसतो अशा ब्रॅकेटला ठीक. ऑइल क्वेंच करून टेम्पर केलं तर स्ट्रेंथ भरपूर मिळते, पण बिडात क्वेंच क्रॅकची भीती असते आणि तो केसासारखा क्रॅक फटीगला आयतं मूळ, तेव्हा क्वेंचनंतर शंभर टक्के एमपीआय (चुंबक आणि लोखंडी पावडरने क्रॅक शोधणं) करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

ऑस्टेम्परिंग, ज्यातून एडीआय (ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्न) मिळतं, इथे मात्र वेळ काढून वाचा. जॉब ९०० च्या आसपास ऑस्टेनाइट (लोखंडाची तापलेल्या अवस्थेतली रचना) करायचा, दीड-दोन तास, मग झटकन नायट्रेट-नायट्राइट सॉल्ट बाथमध्ये २५० ते ४०० च्या मध्ये ठरवलेल्या तापमानाला टाकायचा आणि तिथेच धरायचा. आत फेराइटच्या बारीक सुया आणि कार्बनने भरलेला ऑस्टेनाइट असं मिश्रण होतं. बाथ ३६०-३७० ला ठेवला तर सुया जाड, ऑस्टेनाइट जास्त, टेन्साइल ९०० ते १०५० च्या पट्ट्यात. २६०-२८० ला ठेवला तर टेन्साइल १४००, १६०० पर्यंत. आणि इथेच बहुतेक जण चुकतात, १६०० बघून तोच ग्रेड मागतात. फटीग टेन्साइलच्या मागे जात नाही, एडीआयमध्ये सगळ्यात चांगला फटीग वरच्या तापमानाच्या, मऊ ग्रेडमध्येच मिळतो, गुळगुळीत सॅम्पलला ४५० एमपीएच्या आसपास, म्हणजे पर्लिटिक एसजीच्या दीडपटीहून जास्त. कारण तो टिकून राहिलेला ऑस्टेनाइट. क्रॅकच्या टोकाला ताण आला की तो मार्टेन्साइटमध्ये (फार कडक रचनेत) बदलतो, बदलताना फुगतो, आणि त्या फुगण्यामुळे क्रॅकचं तोंड दाबलं जातं. खालच्या तापमानाला ऑस्टेनाइटच कमी, मग हा दाब कुठून येणार? गिअरच्या दाताला झीज सोसायची असेल तर कडक ग्रेड घ्या, क्रँकशाफ्टला मऊच.

बाथमधला वेळ जपून ठरवा. लवकर काढलं तर सेलच्या हद्दीवरचा ऑस्टेनाइट कच्चा राहतो आणि थंड होताना त्याचा ठिसूळ मार्टेन्साइट होतो, उशीर केला तर ऑस्टेनाइट फुटून फेराइट आणि कार्बाइड होतो, दोन्हीकडे फटीग गेला. या दोन टोकांमधली जागा मँगनीज आणि मॉलिब्डेनम अरुंद करतात, कारण ते नेमके सेलच्या हद्दीवर जाऊन बसतात, म्हणून मँगनीज ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा आणि हार्डनेबिलिटीसाठी (जाड जॉब आतपर्यंत कडक होण्यासाठी) कॉपर, निकेल वापरा. नोड्यूल काउंट कमी असेल तर हीच भानगड अजून वाढते, म्हणजे फिरून गोष्ट इनॉक्युलेशनवरच येते. भट्टीतून बाथपर्यंत जाताना उशीर झाला किंवा जाडी जास्त आणि अलॉय कमी असं झालं तर मध्ये पर्लाइट पडतो, तो शोधायला सगळ्यात जाड सेक्शनचा मध्य कापा. आणि सॉल्ट बाथबद्दल हात जोडून सांगतो, ओला जॉब, ओली फिक्स्चर, तेल लागलेला जॉब बाथमध्ये जाऊ देऊ नका. पाण्याची एका क्षणात वाफ होऊन तापलेलं सॉल्ट अंगावर उडतं, आणि तेलासारख्या जळणाऱ्या वस्तूशी नायट्रेट पेट घेतं. बाथवर उभ्या असलेल्या माणसाला फेस शिल्ड आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, त्यात काटकसर नको.

एडीआयचा जॉब ऑस्टेम्परिंगमध्ये आकाराने थोडा वाढतोही, म्हणून जाड मशिनिंग आधी, ऑस्टेम्परिंग मध्ये, आणि फिनिश ग्राइंडिंग नंतर. पण हे सगळं करूनही क्रँकशाफ्टला फिलेट रोलिंगएवढा फायदा कशातच नाही. रोलरने फिलेट दाबला की पृष्ठभागावर दाबाचा ताण बसतो, क्रॅक जन्मला तरी पुढे सरकू शकत नाही, एसजीमध्ये बेंडिंग फटीग दीडपटीच्या पुढे जाऊ शकतो. फक्त क्रम सांभाळा. रोलिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह केलं तर तो दाबाचा ताण भट्टीत निघून जातो, आणि रोलिंगनंतर फिलेट ग्राइंड केला तर तो थरच निघून जातो. ड्रॉइंगवर हा क्रम लिहिलेला नसतो, प्रोसेस शीटवर तुम्हीच लिहा.

इंडक्शन हार्डनिंगमध्येही (विजेने फक्त वरचा थर तापवून कडक करणं) अशीच एक जागा आहे. जर्नल कडक केलं आणि कडक पट्टा नेमका फिलेटच्या तोंडाशी संपला, तर पट्ट्याच्या आत दाब असतो पण पट्टा संपतो तिथे ओढीचा ताण येतो आणि नेमका सगळ्यात जास्त स्ट्रेसच्या जागी. म्हणजे हार्डनिंग करून शाफ्ट आधीपेक्षा लवकर तुटतो. एकतर फिलेटसकट हार्डन करा किंवा पट्टा फिलेटपासून चांगला लांब थांबवा आणि फिलेट रोल करा. जर्नल उभं कापून नायटलने एच केलं की पट्टा कुठे थांबलाय ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, पहिल्या सेटअपला हे केल्याशिवाय लॉट सोडू नका.

शेवटी टेस्टिंग. सॅम्पल कास्टिंगमधूनच कापा, रोटेटिंग बेंडिंग मशीनवर एक कोटी सायकलपर्यंत चालवा. ३००० आरपीएमला एका सॅम्पलला साधारण साडेपंचावन्न तास लागतात, म्हणून आधीच वेळ हाताशी ठेवा, दोन सॅम्पल चालली म्हणून निकाल सांगू नका. फटीगमध्ये विखुरणं फार असतं, स्टेअरकेस पद्धतीने म्हणजे तुटलं तर पुढचं सॅम्पल एक पायरी खाली आणि टिकलं तर एक पायरी वर, असं निदान १५ सॅम्पल तरी करा. तुटलेलं प्रत्येक सॅम्पल परत भिंगाखाली घ्या, मूळाशी श्रिंकेज निघालं तर तो आकडा त्या हीट ट्रीटमेंटचा नाही, तुमच्या रायझरचा आहे, रिपोर्टमध्ये वेगळा काढून लिहा. रोलिंग केलेला फिलेट मात्र छोट्या सॅम्पलवर कळत नाही, त्याला पूर्ण शाफ्टच बेंडिंगमध्ये चालवावा लागतो.

आणि पुढच्या ऑर्डरला ड्रॉइंगवर नुसता ग्रेड आणि ब्रिनेलची रेंज घेऊन कामाला लागू नका. फिलेटच्या जागी नोड्युलॅरिटी किती, काउंट किती, कार्बाइड जास्तीत जास्त किती, श्रिंकेज किती मायक्रॉनपर्यंत चालेल आणि सॅम्पल नेमकं कुठून कापायचं, एवढं कस्टमरकडून लिहून घ्या, आणि दर हीट ट्रीटमेंट बॅचमागे एक शाफ्ट कापायला बाजूला ठेवायचं त्यांच्याकडून कबूल करून घ्या, त्या शाफ्टची किंमत कोटेशनमध्येच धरा.